ताई, आरसे उघडे ठेवायचे नव्हते

ताई, काल तुमच्या भावानं पहिला आरसा फोडला.

घण घेऊनच आले होते आबासाहेब. दोन्ही तळहातांना अजून पट्ट्या आहेत, तरी घण घट्ट धरलेला. गाडीचं दार उघडंच टाकलं, एका पायातली चप्पल फाटकात अडकून राहिली, तरी थांबले नाहीत. ऊन गोळा करणाऱ्या मोठ्या परातीच्या खालच्या रांगेतला, कोपऱ्यावरचा आरसा होता. एका घावात गेला. काचा त्यांच्याच उघड्या पायावर पडल्या, रक्त आलं, ते त्यांना दिसलंच नाही. "माझी बहीण खाल्ली हिनं! एक ठेवणार नाय, एकबी ठेवणार नाय!" मी मधे गेलो. त्यांनी घणाचा दांडा माझ्या छातीला लावला आणि मला मागं रेटलं. आपल्या भट्टीवरची मंगलमावशी शेडच्या दारात, पदर तोंडाशी धरून, "आबासाहेब, अहो आबासाहेब" एवढंच म्हणत राहिली.

तुम्ही असतात तर घण हिसकावून घेतला असता आणि त्यांनाच गेटापर्यंत पळवलं असतं. मला ते जमलं नाही. मी परातीपुढं हात पसरून नुसता उभा राहिलो.

पडेगावच्या नाक्यावर तुमचा फोटो लागलाय. खाली लिहिलंय, 'शांत, सोशिक आणि मनमिळाऊ शैलाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी ते वाचून भर रस्त्यात हसलो, ताई. लोक बघायला लागले, मग रडलो. सोशिक म्हणे! त्यांना माझ्या नडगीवरचा वण दाखवायला पाहिजे होता.

पहिल्या दिवशीच मारलं होतंत तुम्ही मला. वाळूजला ज्या गोदामावर मी राखणदार होतो ते बंद पडलं. दौलताबाद रस्त्याला एका बाईला आरसे पुसायला माणूस पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून शोधत आलो. फाटकाशी कुणी नव्हतं. आत उजेड दिसला, मी चालत गेलो. टेबलावर काहीतरी ठेवलेलं होतं, पण त्याच्यावर इतका उजेड की ती वस्तू दिसतच नव्हती, हवेला भोक पडल्यासारखं वाटत होतं. मी वाकून बघायला निघालो आणि नडगीवर लोखंडी पाना येऊन बसला. आडवा झालो.

"बैला! मेला असतास ना आत्ता!"

तुम्ही पळत आलात, माझ्या पायाला स्वतःच्या रुमालाची पट्टी बांधलीत, आणि बांधता बांधता शिव्या चालूच.

"कुठला रे तू?"

"जतकडचा."

"इतक्या लांबून मरायला माझंच दार सापडलं का?"

"मरायला नाय, कामाला आलो."

तुम्ही पट्टीची गाठ आवळलीत. मग म्हणालात, "उद्यापासून सुती कापडं घालून यायचं. हे टेरिकॉट घालून आलास तर फाटकातनंच हाकलीन. हे कापड नुसतं जळत नाय. वितळतं, अन् अंगाला चिकटतं."

नोकरी लागली ती अशी. पाना मारणाऱ्या माणसाचे आभार मानायचे असतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं आभार म्हणायची रीत नाही. धनगराच्या घरात कुणी कुणाचं भलं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंढरांना पाणी दाखवतात, झालं. तुमच्याकडं मेंढरं नव्हती. म्हणून मी आरसे पुसत राहिलो.

माझी शाळा सहावीत सुटली, हे मी तुम्हाला घाबरत घाबरत सांगितलं होतं. मेंढरं घेऊन घराबाहेर पडलो की शाळा मागं राहायची, एका वर्षी परत आलो तर माझ्या जागेवर दुसरंच पोरगं बसलेलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. नवीन शिकवायला जागा रिकामी आहे." मग मला हाताला धरून सगळं फिरवून दाखवलंत. अंगणाच्या एका टोकाला ती मोठी चौकट, सपाट आरशांची, सूर्य जिकडं जाईल तिकडं तोंड फिरवणारी. तिचं काम ऊन समोर फेकायचं. समोर शेडमधे ती परात, शेकडो लहान आरशांची, भिंतीएवढी. तिनं ते सगळं ऊन गोळा करून त्याचं टेबलावर एक टोक करायचं, लिंबाएवढ्या जागेत. आणि दोघांच्या मधे पत्र्याच्या झडपा, जेवढ्या उघडाल तेवढी आग. तुम्ही एक जुनी लोखंडी पट्टी त्या टोकावर धरलीत. ती मेणासारखी वाकली आणि गळायला लागली. मी दोन पावलं मागं सरलो.

"भ्यालास?"

"नाय."

"भी. इथं जो भीत नाय तो टिकत नाय."

तुमचंच वाक्य आहे हे. नीट लक्षात ठेवा, कारण याच्यावरनं मला तुमच्याशी भांडायचंय.

चिकलठाण्याच्या कारखान्यात तुम्ही गॅसच्या भट्टीवर साहेब होतात, तिथनं भांडून निघालात आणि तुमच्या वाट्याच्या जमिनीत ही भट्टी मांडलीत, हे मला मंगलमावशीनं सांगितलं. तुम्ही नुसतंच म्हणायचात, "मराठवाड्यात पाऊस नाय, पण ऊन आहे ना? मग तेच कामाला लावू." पांढरी पूड साच्यात दाबून मंगलमावशी रिंगा करायची. कच्ची रिंग बिस्किटासारखी, बोटानं मोडेल. ती उन्हाच्या टोकावर भाजली की तिच्यावर कानस घासली तर कानसच झिजायची. मी एकदा तिला चिनीमाती म्हणालो तर तुम्ही भडकलात. "कपबशा करतोय का आपण? रसायनाच्या कारखान्यात पंपातनं तेजाब फिरतं. लोखंड खातं ते. तिथं ही रिंग बसते. ही गेली तर तिथल्या माणसाच्या तोंडावर तेजाब येईल. चिनीमाती म्हणे!"

म्हणून प्रत्येक घाण्यातली एक रिंग फोडायची, हा तुमचा कायदा. सगळ्यात चांगली दिसणारी निवडायची, ऐरणीवर ठेवायची आणि घणानं हाणायची. तुकडे कसे पडले ते भिंगातून बघायचं. तुकड्यात भुसभुशीत काही दिसलं की सगळा घाणा बाद. पहिल्यांदा तुम्ही मला घण दिलात तेव्हा माझा हात उठेना. एवढं तीन प्रहर उन्हात तापून केलेलं, ते फोडायचं? मी म्हणालो, "आमच्यात पहिलं कोकरू देवाला सोडत्यात, पण मारत नाहीत." तुम्ही म्हणालात, "इथं देव नाय, गिऱ्हाईक आहे. हाण." मी डोळे मिटून हाणलं आणि तुकडा उडून तुमच्या कपाळाला लागला. रक्त पुसत तुम्ही म्हणालात, "डोळे उघडे ठेवून हाण, गाढवा. जे फोडतोस ते बघत जा."

सगळं असंच होतं तुमच्याकडं. फुटणारं, उडणारं, ओरडणारं. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की पश्चिमेचा तो ढग इकडं येत नाही, मी आयुष्यभर ढग बघितलेत. ढग आला. चौकटीवरनं सावली सरकली, लालपिवळी तापलेली रिंग एकदम गार पडायला लागली आणि तडकली. तुम्ही ते तुकडे उचलून एकेक भिंतीवर मारलेत. "आयुष्यभर. ढग. बघितलेत." प्रत्येक शब्दाला एक तुकडा. मंगलमावशी खाली बसून साचे पुसत म्हणाली, "बिरा, तुझी मेंढरं बरी रं बाबा. शिंगं मारली तरी बोलत नव्हती." तुम्हाला हसू आलं. हसायला लागलात की तुम्हाला खोकला यायचा आणि मग तुम्ही आम्हालाच दम द्यायचात, की कामं करा.

माझ्या आईला मी आरशाचं काम करतो म्हणून सांगितलं होतं. तिनं गावात सांगितलं, पोरगं टिकल्या-आरशाच्या दुकानात आहे. हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझ्या हातातला फोन घेतलात. "मावशी, तुमचं पोरगं माझ्याकडं ऊन राखतं." पलीकडनं आई म्हणाली, "उनाला काय लांडगा नेतोय व्हय, राखायला?" तुम्ही कितीतरी दिवस ते प्रत्येकाला सांगत होतात. त्यानंतर आईचा फोन आला की आधी विचारायची, "बाई बरी हाय का?" आता ती विचारते तेव्हा मी काय सांगू, ते तुम्ही मला सांगून गेला नाहीत.

आता भांडण.

काम नसताना चौकटीचं तोंड जमिनीकडं. झडपा बंद. परातीवर गुलमंडीच्या बाजारातनं आणलेलं ते जाडं काळं कापड. "उघडा आरसा म्हणजे सुटलेला वळू," हे तुमचं. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करायचो तीसुद्धा तशीच. चौकट पालथी, परात झाकलेली, कुंकू लोखंडाला, झेंडूची माळ चौकट फिरवणाऱ्या मोटारीला, नारळ बाहेर फोडायचा. दर वर्षी. मंगलमावशी म्हणायची, घुंगट घेतलेली नवरीच आहे ही, तोंड दाखवत नाही. तुम्ही म्हणायचात, दाखवलं तर नवरा जळेल.

या वर्षी आबासाहेब येणार होते. पडेगावला दोन्ही बाजूंनी प्लॉट पडले, बंगले उठले, त्यांनी तुम्हाला जमीन विकायला सांगितलं आणि तुम्ही तिथं आरसे उभे केलेत, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नव्हतात. या राखीला ते आले. साडी घेऊन आले. मोरपंखी, जरीच्या काठाची. तुम्ही ती कपाटात ठेवलीत आणि दिवसभर काही ना काही निमित्तानं कपाट उघडत होतात, हे मंगलमावशीनं बघितलंय. नवमीला ते पहिल्यांदाच भट्टी बघायला येणार म्हटल्यावर तुम्ही ती साडी नेसलात. मी तुम्हाला साडीत कधी बघितलंच नव्हतं. आणि तुम्ही सगळे आरसे उघडलेत. परातीवरचं कापड काढलंत. झडपा धुवायला उघडल्या त्या उघड्याच ठेवल्यात. वरच्या रांगेला कुंकू लावता यावं म्हणून चौकटीचा ब्रेक सोडून तिला आभाळाकडं तोंड करून उभी केलीत, आणि दोर स्वतः बांधलात.

मी म्हणालो होतो, "ताई, पालथीच ठेवू."

"भाऊ पहिल्यांदा आलाय. झाकलेलं बघायला आलाय का?"

"मग झडपा तरी लावू."

"आज सणाच्या दिवशी तरी नको रे भिऊ, बिरा."

मी अजून तिथंच उभा आहे, ताई. मी अजून त्याच वाक्यावर तुमच्याशी भांडतोय. भी म्हणून तुम्हीच शिकवलंत. माझं सगळं भिणं तुम्ही कामाला लावलंत, माझ्या भीतीवर तुमचा भरवसा होता, म्हणून तर मला ठेवलंत. आणि ज्या दिवशी ते ऐकायचं त्याच दिवशी तुम्ही हसलात. तुम्ही चुकलात. तुमच्या फोटोपुढं हात जोडून कुणी हे म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो. तुम्ही चुकलात, ताई. भावाला आपलं तोंड दाखवायचं म्हणून तुम्ही वळू सोडलात.

वारा मोठा नव्हता. झेंडूच्या माळा हलल्या, तेवढाच. तुम्ही टेबलाशी नारळ ठेवत होतात. आबासाहेब मोबाइलवर तुमचा फोटो काढत होते, "शैला, इकडं बघ की," म्हणत होते. दोर सुटला. चौकट कलली, तिचं ऊन परातीत पडलं, आणि टेबलावर तो उजेड आला, हवेला भोक पाडणारा. तुमची साडी पेटली असं लोक म्हणतात. पेटली नाही. ती वितळली. तुमचं ओरडणं मी रोज ऐकत आलो होतो, पण तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मी माझी घोंगडी तुमच्यावर टाकली, मिठी मारून दाबायला गेलो, आणि घोंगडीच्या आतनं तुम्ही मला लाथ मारलीत.

"आधी आरसा पाड! मंगल उभी आहे तिथं!"

ऊन भिंतीवरनं मंगलमावशीकडं सरकत होतं. तिच्या हातात पूजेचं ताट, ती जागची हलेना. मी तुम्हाला तसं जळतं सोडलं आणि चौकटीकडं पळालो, कारण तुम्ही सांगितलं होतं. लोंबकळून चौकट पालथी पाडली. परत आलो तर आबासाहेब उघड्या हातांनी तुमच्या अंगावरचं ते कापड ओढत होते आणि ते त्यांच्या हातांना चिकटून येत होतं.

दवाखान्यात तुम्ही बोलला नाहीत. नळ्या होत्या. मी काचेबाहेर बसायचो. मला सांगायचं होतं की पाना मारलात ते बरं केलंत. सांगायचं होतं की इतकी वर्षं मी रोज सकाळी झडप उघडताना मनातल्या मनात बिरोबाचं नाव घेत होतो, आणि तुम्ही ओरडलात की माझी भीती कमी व्हायची, कारण तुम्ही ओरडताय म्हणजे तुमचं लक्ष आहे. काचेतनं हे कसं सांगणार? मी हात वर केला. तुमचे डोळे उघडे होते. दिसलो का मी तुम्हाला, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

तुम्हाला पोचवून आल्यावर मी परातीवरचं कापड परत बांधलं आणि खोलीवर येऊन पिशवी भरली. गावाकडं जायची. खरं सांगतो. त्या कापडाला हात लावायची माझ्यात ताकद उरली नव्हती. मेंढरं शिंगं मारतात, पण असं जाळत नाहीत.

पिशवी भरलेली होती म्हणूनच काल मी शेडमधे होतो, किल्ल्या मंगलमावशीला द्यायला. तेवढ्यात आबासाहेब आले. बांधलेलं कापड त्यांनी फाडून काढलं आणि पहिला आरसा फोडला, ते वर सांगितलंच. मला रेटून त्यांनी घण दुसऱ्यांदा उचलला, पण तो वर जाईना. पट्ट्यांतून पाणी सुटलं होतं. घण टाकून ते काचांतच खाली बसले.

"साडी मी आणली व्हती," ते म्हणाले. "गुलमंडीतून. दुकानदार म्हणला, अस्सल रेशीम. मला काय कळतंय रेशमातलं? मोरपंखी रंग तिला लहानपणी आवडायचा."

मंगलमावशी मोठ्यानं रडायला लागली. साडीमुळं म्हणू, का दोरामुळं, का वाऱ्यामुळं? काहीही म्हटलं असतं तरी त्या माणसाच्या काळजात नवीन काच घुसली असती. मी त्यांच्या पायातल्या काचा काढायला बसलो. ते पाय ओढून घेत म्हणाले, "हे जिवंत ठेवून करू काय मी? कोण चालवणार? तू?"

पिशवी खोलीवर होती. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ताई. शपथ. तोंडातून आलं, "व्हय."

"मग पेटव. आत्ता, माझ्यादेखत. जमलं तर राहील. नाय जमलं तर मी सगळं फोडणार, अन् मग तू मधी यायचं नाय. कबूल?"

"कबूल."

मंगलमावशीनं दाबलेल्या कच्च्या रिंगा फडताळात होत्या, तुमच्या शेवटच्या घाण्याच्या. तिनं एक आणून टेबलावर ठेवली. मी आबासाहेबांना काळी काच दिली आणि जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेच्या मागं उभं केलं. चौकटीचा ब्रेक बघितला, परत बघितला. झडपांच्या दांड्याला हात घातला आणि सहज मागं बघितलं. आबासाहेबांच्या अंगावर टेरिकॉटचा सदरा.

"काढा तो! आबासाहेब, काढा म्हणतो ना आधी! अक्कल आहे का नाय?"

शेडमधे एवढं मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो. मंगलमावशी दचकली. जमीनदार माणूस, साठी उलटलेली. लगेच गुंड्यांना हात घातला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यांना गुंड्या निघेनात, मग मंगलमावशीनं काढल्या. उघड्या अंगानं, डोळ्याला काळी काच लावून, ते रेघेमागं उभे राहिले.

चौकट फिरली, ऊन झडपांवर आलं. हळू उघडायचं असतं, मला माहीत आहे. इंच, मग थांबा, मग इंच. पण घामानं हात घसरला आणि दांडा एकदम खाली गेला. खालच्या रांगेत एका आरशाची जागा काळी होती, तरीही टोक पेटलं, तसंच, जसं तुमच्या वेळी पेटायचं. रिंग क्षणभर पांढरी झाली आणि फुटली. बंदुकीच्या छऱ्यांसारखे तुकडे भिंतीवर बसले. मंगलमावशी किंचाळली. मी झडपा पाडल्या.

भिंतीवरून चुरा गळत होता. मी दांडा धरून, मान खाली घालून उभा राहिलो. पाठीमागं घण उचलल्याचा आवाज कधी येतो याची वाट बघत.

"संपल्या?" आबासाहेबांनी विचारलं.

"काय?"

"रिंगा. संपल्या का?"

"नाय. हाईत अजून."

"मग बघत काय राहिला? ठेव दुसरी."

मी वळून बघितलं. काळ्या काचेमुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण काचेखालून गालावर पाणी उतरत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. ऊन कलायला अजून अवकाश होता.

मी दुसरी ठेवली, ताई. या वेळी इंच इंच उघडलं.